काकांच्या बॅगेवरची फुली

मी आज जो काही आहे, तो इंद्रपुरीतल्या काकांमुळे आहे. ते माझे सख्खे काका नाहीत, लांबचेही नाहीत. पांढुर्ण्याहून इंजिनियरिंगला भोपाळला आलो तेव्हा त्यांच्या घराची मागची खोली मला भाड्याने मिळाली, एवढीच आमची ओळख. पांढुर्ण्यात वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्याआधी घरातलं कोणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलेलं नव्हतं. त्यामुळे आत गेल्यावर नेमकं काय करायचं असतं, हे सांगणारंही कोणी नव्हतं. ते मला काकांनी सांगितलं.

काका मूळचे वर्ध्याकडचे. इथल्या मोठ्या कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला भाग त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे जात नसे. मापात असेल तर ते खडूने त्यावर बरोबरची खूण करत, नसेल तर फुली. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा असायचा. काकूंनी आणलेल्या कलिंगडावरसुद्धा वाजवून बघून खूण व्हायची. काकू म्हणत, नशीब माझं, मला बघायला आले तेव्हा खडू घरी विसरले होते.

माझी शाळा मराठी माध्यमाची आणि कॉलेज सगळं इंग्रजीत. ड्रॉइंगच्या तासाला सर 'सेक्शन, सेक्शन' म्हणत फळ्यावर रेघा मारत आणि मी त्या जशाच्या तशा उतरवून घेत असे. एका संध्याकाळी काकांनी माझी शीट पाहिली, आत गेले आणि स्वयंपाकघरातून ढोबळी मिरची आणि सुरी घेऊन आले. मिरची त्यांनी मधोमध उभी कापली आणि माझ्यासमोर धरली. बाहेरून दिसते ती मिरची, आणि आतलं हे दिसतं तो सेक्शन. आता काढ, म्हणाले. त्या आठवड्यात दुधी, कांदा, दोडका, लिंबू असं बरंच काही उभं-आडवं कापून झालं. काकूंनी ते सगळं एकाच भाजीत घातलं. ती भाजी आम्हा तिघांनाही गिळवली नाही, पण ड्रॉइंग मला कळायला लागलं.

तरी पहिल्या परीक्षेत मी दोन विषयांत नापास झालो. घरी कसं सांगायचं ते सुचेना म्हणून ट्रंक भरून ठेवली आणि गाडीची वेळ बघून आलो. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पहाटे काकांनी दार वाजवलं. हातात कॅमेरा, खांद्यावर खाकी कॅनव्हासची बॅग. म्हणाले, चल केरव्याला, मला सोबत हवी आहे. ट्रंक त्यांना दिसली होती, पण तिच्याविषयी त्यांनी काही विचारलं नाही. केरवा धरणाच्या मागे खडकात आम्ही ऊन चढेपर्यंत बसलो. पाण्यावर काहीही आलं नाही. ना हरीण, ना पक्षी. मला वाटत होतं, आता हे निकालाचा विषय काढतील. ते उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "आज काही आलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बसू."

पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं म्हणून मी थांबलो. मग त्याच्या पुढच्या. असं करत पदवी झाली, इथेच नोकरी लागली, मी जवळच्याच सोनागिरीत राहायला गेलो. रविवार मात्र काकांचेच राहिले.

हळूहळू आमची पाच-सहा जणांची मंडळी जमली. सोनागिरीत बिजलीच्या सामानाचं दुकान असलेले दादा, शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या आणि आता शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या ताई, आणि एक बँकेतलं जोडपं. दादांच्या तीन पिढ्या भोपाळात गेल्यामुळे त्यांचं मराठी अर्धं हिंदी होतं. ताईंचे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इथे आले होते, त्यामुळे आपलं मराठी दादांपेक्षा बरं, असं ताईंना वाटायचं. काकांना ती दोन्ही सारखीच बिघडलेली वाटत.

बाहेर जायचं तर काकांचे दोन नियम होते. पहिला, निघण्याआधी ट्रायल. कारखान्यात मोठं यंत्र बाहेर पाठवण्याआधी एकदा जोडून बघतात, तसं. अंगणात सतरंजी घालायची, प्रत्येकाने आपली बॅग तिच्यावर पूर्ण रिकामी करायची, रुमालसुद्धा खिशात ठेवायचा नाही. काका एकेक वस्तू बघणार, नको ती बाजूला काढणार, मग बॅग भरून, पाठीला लावून गच्चीचा जिना चढून-उतरून दाखवायचा. धाप लागली तर पुन्हा सतरंजी. सगळं पार पडलं की बॅगेवर खडूने बरोबरची खूण. दुसरा नियम परत आल्यावरचा. फोटो दाखवण्याआधी प्रत्येकाने एक पान लिहून द्यायचं: जे पाहिलं, पण फोटोत आलं नाही, ते.

गेल्या दीड-दोन वर्षांत काकांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोरच्या माणसाकडे पाहिलं की चेहऱ्याच्या जागी धूसर डाग येतो. ते मला म्हणाले होते, तुझे कान दिसतात, नाक मात्र कोणीतरी नेलंय. कॅमेरा त्यांनी कपाटात ठेवला नव्हता, पलंगाशेजारी ठेवला होता. पण त्याला हात लावताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

अशात या हिवाळ्यात सातपुड्यात जायचं ठरलं. पचमढीच्या खालच्या बाजूला, दरीच्या काठावर एक कडा आहे. समोरच्या भिंतीवर गिधाडं घरटी करतात आणि थंडी सरताना त्यांत पिल्लं असतात. तो कडा काकांच्या मनात फार वर्षांपासून होता. ते दोनदा तिथे गेले होते. एकदा सकाळभर धुकं हललं नाही आणि एकदा वाट चुकून पोचायला उशीर झाला, तोवर गिधाडं उडून गेली होती. पिल्लाला भरवताना गिधाड बघायचं त्यांचं राहून गेलं होतं. आखणीचं काम त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, कड्याचंच बघ.

मी चौकशी केली. गावापर्यंत गाडी जाते, पुढे कोरड्या ओढ्यातून मोठमोठ्या धोंड्यांवरून चालायचं, आणि शेवटी हाताने धरून चढायचा खडक. काकांचा पाय कुठे पडतोय हे काकांनाच दिसत नव्हतं, नेमकं पायाखालचंच त्यांना दिसत नसे. मी दादांशी आणि ताईंशी बोललो. काकांना वगळून कड्यावर जायचं हे आमच्यापैकी कोणालाच मान्य नव्हतं. आणि त्यांच्यासाठी जागा बदलतोय असं सांगितलं असतं तर ते आलेच नसते. म्हणून आम्ही ठरवून खोटं बोललो. मी सांगितलं, पावसात ओढ्याची वाट वाहून गेली. दादा म्हणाले, माझे तो घुटने ही गए, मला आता चढाव नको. ताईंनी अस्वलं वाढल्याचं सांगितलं. त्यापेक्षा देनवा नदीच्या पसरलेल्या पाण्यावर होडीतून पक्षी बघू, आरामात. काका ऐकून घेत होते. म्हणाले, ठीक आहे, होडी तर होडी.

निघायच्या आदल्या आठवड्यात ट्रायल झाली. सतरंजीवर सगळ्यांच्या बॅगा उपड्या झाल्या. काका आता डोळ्यांऐवजी हातांनी तपासत. बँकेतल्या जोडप्याच्या ढिगातून त्यांच्या हाताला लोकरीची कानटोपी लागली. ती त्यांनी बाजूला ठेवली. ताईंच्या ढिगातही कानटोपी. दादांच्या ढिगात एक कानटोपी, एक मफलर आणि घडीचं स्टूल. माझ्या ढिगात कानटोपी, शिवाय दुसरं स्टूल. आम्ही कोणीच एकमेकांना विचारलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं होतं, होडीवर वारं लागेल, काका आपली टोपी घरी विसरतील, त्यांना टेकायला काहीतरी हवं. आणि नियमाप्रमाणे प्रत्येकाने बॅग अगदी तळापर्यंत रिकामी केली होती.

काकांनी सगळ्या टोप्या एकावर एक रचल्या आणि तो ढीग चाचपून पाहिला.

"एवढ्या कानटोप्या कोणासाठी? माझं डोकं तर एकच आहे बाप्पा."

दादा हसायला गेले आणि थांबले. काकांनी मान जराशी वळवली. माणूस नीट दिसावा म्हणून ते आता असं बाजूने बघत. ते माझ्याकडे बघत होते.

"ओढ्याची वाट खरंच वाहून गेली का गा?"

मला त्यांच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलता आलं नाही. वाट आहे, म्हणालो. तशीच आहे.

काकांनी खिशातून खडू काढला. आपली खाकी बॅग हाताने शोधली, जवळ ओढली आणि तिच्यावर मोठी फुली मारली. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. अहो, हे काय, म्हणाल्या. काका म्हणाले, इन्स्पेक्शन.

"काका, माणूस म्हणजे मशीनचा पार्ट नाही," मी म्हणालो.

"नाहीच. म्हणून तर माझी फुली मीच मारतोय. पार्टला ते जमत नाही."

मग काका सतरंजीवर मांडी घालून बसले आणि आम्हालाही बसवलं. ते रागावले नव्हते. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, तुम्ही माझ्यासाठी कडा सोडलात, हे मला कळतं. पण मला होडीत बसायचं नव्हतंच कधी. मला ते भरवणं बघायचं होतं. मी होडीत आणि तुम्हीही होडीत, मग ते बघणार कोण?

"आम्हाला दिसेल काका," ताई म्हणाल्या. "तुम्हाला कसं दिसणार?"

"हा सांगेल." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण एक अट. पिल्लाला भरवून होईपर्यंत कॅमेरा बॅगेतून काढायचा नाही. कॅमेरा डोळ्याला लावलास की तू प्रकाश मोजत बसतोस, मला माहीत आहे. आधी पूर्ण बघून घे. माझ्या वाटचं."

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर सोपं नव्हतं. कड्याचं ठरलं तेव्हाच मी एका मित्राची मोठी लेन्स मागून ठेवली होती. पण त्या घरात मला आजवर मिळालेल्या गोष्टींपुढे ही मागणी फारच लहान होती.

दादांनी शेवटी विचारलं, फिर इन टोप्यांचं काय करायचं? काका म्हणाले, घाला ना सगळे, वर ठंड असते.

त्यानंतरची आखणी काकांनी व्हरांड्यात बसून आमच्याकडून पुन्हा करून घेतली. किती वाजता निघायचं, ओढ्यात कोणी पुढे राहायचं, घरट्यांपासून किती लांब बसायचं, यावर ताईंचं आणि त्यांचं वाजलंही. लांब बसण्याबद्दल ताईंचं ऐकलं गेलं. दादांनी न कुरकुरता दोनदा जिना चढून दाखवला. घुटने कसे आहेत, असं काकूंनी मुद्दाम विचारलं, तेव्हा ते नुसते हसले.

त्याच सुमाराला काकांच्या डोळ्यात इंजेक्शन द्यायची तारीख नागपूरच्या डॉक्टरांकडे मिळाली. त्यांची मुलगी तिथेच असते. आम्ही निघण्याआधी काका-काकू नागपूरला गेले. झाडांना पाणी घालायला काकूंनी घराची किल्ली माझ्याकडे दिली. स्टेशनवर काका म्हणाले, पान नागपूरला पाठव, ही वाचून दाखवेल. फोन नको, फोनवर तू घाईत बोलतोस.

परत आल्यावर मी जे पाठवलं ते एका पानात मावलं नाही. ते असं होतं:

काका, काकू, नमस्कार.

काकू, हे सावकाश वाचा. मध्येच काका काहीतरी विचारतील. विचारू द्या, त्यांचं झालं की पुढचं वाचा.

आम्ही अंधार असतानाच गावातून निघालो. सगळ्यांनी कानटोप्या घातल्या होत्या. आमच्याबरोबर आलेल्या वनरक्षकाने दादांना विचारलं, कोणत्या स्कूलचे बच्चे आहात. ओढ्यातले धोंडे अंधारात बसलेल्या म्हशींसारखे दिसत होते. दादा दोनदा घसरले. दुसऱ्यांदा बसूनच राहिले आणि म्हणाले, मी तर होडीलाच वोट दिलं होतं. काका, तुम्ही फुली मारलीत ते त्या ओढ्यात मला पटलं. मनाला मात्र ते अजून पटलेलं नाही.

वर पोचलो तर दरीत धुकं. तुमचं पहिल्या खेपेचं धुकं बहुतेक तिथेच राहिलं होतं. आम्ही पालथे पडून राहिलो. ताई कोणाला शिंकूही देत नव्हत्या. मी हात खिशात घालून ठेवले, म्हणजे बॅगेकडे जाणार नाहीत. तुमचं 'पुढच्या रविवारी पुन्हा बसू' मनात म्हणत होतो. ऊन आलं तसं धुकं वर उठलं नाही, खाली बसत गेलं, आणि समोरची भिंत वरून हळूहळू उघडी पडली. काळपट दगडावर चुना सांडल्यासारखे पांढरे ओघळ आहेत. प्रत्येक ओघळाच्या वर एक घरटं.

आमच्या समोरच्या घरट्यात एकच पिल्लू होतं. उसवलेल्या गादीतून कापूस बाहेर यावा तसं. मान त्याला जड होत होती. उचलायचं, परत टेकवायचं.

मोठं गिधाड खालून आलं. आम्ही नेहमी त्याचं पोट बघतो, या वेळी पाठ पाहिली. गव्हाळ रंगाची, आणि तिच्यावर ऊन. पंखांचा आवाज मोठा होता, कोणीतरी ओली सतरंजी झटकावी तसा. (काकू, इथे ते म्हणतील की सतरंजी नाही, ताडपत्री. ताडपत्री म्हणा.) उतरल्यावर ते बराच वेळ नुसतं उभं होतं, कशाला आलो ते विसरल्यासारखं. पिल्लाने त्याच्या चोचीला टोचून टोचून आठवण करून दिली. मग त्याने मान खाली केली आणि घशातलं काढून त्याच्यासमोर ठेवलं. मला वाटलं होतं हे बघायला ओंगळ वाटेल. तसं वाटलं नाही. एक तुकडा पिल्लाला पेलला नाही. मोठ्याने तो परत उचलला, फाडला, लहान केला आणि पुन्हा पुढे धरला. पिल्लाने घेतला. पुन्हा फाडला, पुन्हा दिला. कुठलीही घाई नाही.

मला त्या वेळी तुमची ढोबळी मिरची आठवली. मला जे जात नव्हतं ते तुम्ही असंच कापून, लहान करून पुढे ठेवलंत. मी हे तुम्हाला आजपर्यंत कधी बोललो नाही, आणि आता बोलतोय तेही गिधाडाचं नाव घेऊन. रागावू नका.

झाल्यावर मी कॅमेरा काढला, तोवर मोठं गिधाड उडालं होतं. माझ्याकडे पिल्लाच्या पाठीचे फोटो आहेत. ताईंना एक चांगला मिळाला. तुम्हाला पाहिजे होतं ते फोटोत कोणाकडेच नाही, ते या पत्रात आहे.

आणखी एक. तिथून निघताना मी दरीकडे नीट पाहिलं. मधोमध काहीच नाही, नुसती पोकळी. घरटी, झाडं, पक्षी, जे आहे ते सगळं कडेला आहे. तुम्ही मान वळवून कडेकडेने बघता तसंच ती दरी बघावी लागते. मी कितीतरी वेळ मध्ये बघत होतो.

वनरक्षक म्हणाला, पलीकडच्या काठाला जंगलखात्याचा गाडीरस्ता आहे. तिथून घरटी दिसत नाहीत. पण ऊन तापलं की गिधाडं वर चढताना त्या काठाला अगदी लागून जातात, पंख ऐकू येण्याइतकी. परवानगी घ्यावी लागेल. मी ती अजून मागितलेली नाही. या वेळी तुम्हाला विचारल्याशिवाय काही ठरवणार नाही.

झाडं ठीक आहेत. जास्वंदीला कळ्या आल्यात. तुमची बॅग मी मागच्या खोलीत ठेवली आहे. तिच्यावरची फुली पुसलेली नाही. ती तुम्ही मारली आहे, ठेवायची की पुसायची तेही तुम्हीच बघा. शेजारी एक फडकं ठेवलं आहे.

तुमचा,
मागच्या खोलीतला